चापावरचं बोट

बँकेतले लोक त्याला सेनापती म्हणत. फौजेत तो एक दिवसही नव्हता. आधी लाकडाच्या वखारीचं फाटक, मग बँकेचं दार, अशी त्याची पहारेकऱ्याची सारी नोकरी उभ्याउभ्याच गेली. पण खांद्याला दुनळी बंदूक आणि ओठांवर भरघोस मिशा, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. रोज सकाळी तो बंदुकीत काडतुसं भरायचा, संध्याकाळी काढून कुलपात ठेवायचा. वर्षातून एकदा मैदानावर पुठ्ठ्याच्या माणसावर नेम धरायचा, तेवढीच काय ती बंदूक वाजायची. दारावर चाप ओढायची वेळ कधी आली नव्हती. आली तर काय, हा विचार तो मनात शिरूच देत नसे.

त्याची मुलगी कॉम्प्युटरवरचे गेम तपासायचं काम करायची. बाजारात यायच्या आधी गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका काढायच्या, हीच नोकरी, तीही घरातल्या मागच्या खोलीत बसून. कुठे भिंतीतून आरपार जाता येतं का, हे बघत दिवसभर भिंतींना धडका द्यायच्या. "शिकूनसवरून भिंतीवर डोकं आपटते," असं तिची आई म्हणायची, आणि शेजारणींना कौतुकाने सांगायचीही तीच.

एका सुट्टीच्या दुपारी मुलीने बापाला आपल्या खुर्चीत बसवलं.

"बाबा, नवशिक्याला हा गेम कळतो का, ते बघायचंय. तुमच्यापेक्षा नवशिका मला कुठे मिळणार?"

पडद्यावर एक लांब बोळ होता. खालच्या बाजूला बंदूक धरलेले दोन हात.

"यात मी कुठे आहे?"

"तुम्ही दिसणार नाही. तुमचेच हात आहेत ते. या जातीच्या गेममध्ये सगळं आपल्याच डोळ्यांनी दिसतं. समोरचं तेवढंच, पाठीमागचं नाही. डाव्या हाताच्या बटणांनी चालायचं, उजव्या हातातल्या माऊसने मान फिरवायची. मधोमध ठिपका आहे ना, तो जिथे, तिथे गोळी."

त्याने माऊस हलवला आणि बराच वेळ छताकडेच बघत राहिला.

"अहो, जळमटंच काढायची असतील तर आपल्या घरातली काढा," दारातून बायको म्हणाली.

मान सरळ झाली तेव्हा पोटात ढवळायला लागलं. "डोळे चालतायत आणि पाय खुर्चीत, म्हणून होतं तसं. सवय होते," असं म्हणत मुलीने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले.

तिथून गंमत संपली. पाठीमागे पावलं वाजू लागली. तो गर्रकन वळला, तर कुणी नाही. पुढे वळण होतं, आणि वळणापलीकडे कुणाचा तरी श्वास. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. समोरून एकजण आला, त्याने शांतपणे नेम धरला, पडदा लाल झाला. सेनापतीचं बोट हललंच नव्हतं.

"मेलात. काही नाही, पुन्हा सुरू होतं."

पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. मग एका खोलीचं दार धाडकन उघडलं, कुणीतरी धावत आत आलं, आणि या वेळी त्याने गोळी झाडली. माणूस कोसळला.

मुलीने कपाळाला हात लावला.

"काय झालं? लागली ना?"

"लागली. पण त्याच्या डोक्यावर हिरवी खूण होती, बाबा. तो आपल्या बाजूचा होता. मदतीला येत होता."

"खूण बघायला वेळ कुठे होता?"

"तेच तर. नवखे लोक आपलाच माणूस मारतात. म्हणून काही गेममध्ये आपल्या माणसाला गोळी लागतच नाही. यात लागते."

त्याने हेडफोन काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी बँकेत गर्दी होती. सेनापती नेहमीच्या जागी उभा होता, पण दार ढकललं गेलं की तो गर्रकन वळायचा. दुपारी एकजण हेल्मेट न काढताच घाईघाईने आत शिरला. त्याचा हात जॅकेटच्या आत होता. सरळ कॅशच्या खिडकीकडे निघाला.

पुढचं सेनापतीला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्या माणसाने जॅकेटमधून चष्म्याची डबी काढली, हेल्मेट काढलं, आणि तो कॅशियरबाईंचा नवरा निघाला. बाईंचा विसरलेला चष्मा द्यायला आला होता. इतकी वर्षं येता-जाता ज्याच्याशी गप्पा मारल्या, तोच.

"काय सेनापती, ओळखलं नाही वाटतं?"

बंदूक खांद्यावरून उतरून हातात आली होती, नळी अर्धी वर उचललेली, आणि बोट चापावर. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याने मागच्या खोलीत जाऊन काडतुसं काढली. एक हातातून सुटून घरंगळत कपाटाखाली गेलं. गुडघ्यांवर बसून त्याने ते हात घालून बाहेर ओढलं.

मुलीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "मी उगाच बसवलं तुम्हाला."

"तुझा काय दोष? मला पुन्हा बसव. खूण बघून गोळी झाडता येते का, ते मला बघायचंय."

नंतर तो रोज खेळला. खूण बघायला थांबला की स्वतः मरायचा. नाही थांबला की कधी शत्रू पडायचा, कधी आपला. मुलगी म्हणाली, सरावाने जमतं. तो म्हणाला, "इथे पुन्हा सुरू होतं गं."

शेवटी मॅनेजरबाईंना त्याने सांगून टाकलं, मला बंदूक नको. बाईंना आधी थट्टा वाटली, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून खुर्ची पुढे केली. दुसरा माणूस मिळेपर्यंत थांबा, म्हणाल्या. ते दिवस त्याने रिकामी बंदूक घेऊन काढले, काडतुसं खिशात ठेवून, कुणाला न सांगता. आता भीती उलट बाजूने लागली. खरंच कुणी आलं तर?

नवा गार्ड आला. सेनापतीला गार्ड पुरवणाऱ्या कंपनीने दवाखान्याच्या पार्किंगवर पाठवलं. तिथे हातात शिट्टी. निघताना त्याने नव्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हा हसेल, अशी त्याची खात्री होती.

नवा हसला नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "काका, माझं बोट तर रोजच चापावर जातं."

तेव्हापासून बँकेच्या कामाला सेनापती बायकोला किंवा मुलीला पाठवत नाही. स्वतःच जातो, आणि दारात शिरताना दोन्ही हात दिसतील असे ठेवतो.