बुकात न लिहिलेला दमा

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये प्रत्येक कुटुंबाचं एक मेडिकल बुक असायचं. हॉस्पिटलला जो निघेल तो शेजाऱ्यांचीही बुकं सोबत न्यायचा आणि त्यांची औषधं आणायचा. सोय मोठी, पण कोणाला काय झालंय ते अख्ख्या ब्लॉकला पाठ!

म्हणून सहाव्या वर्षी मुलीला दमा निघाला, तेव्हा मी डॉक्टरांपुढे हात जोडले. "दमा लिहू नका हो, मुलीची जात आहे. खोकला लिहा." डॉक्टर आमच्या नागपूरकडचे, भिडस्त. त्यांनी खोकलाच लिहिला. मुलीलाही मी सांगितलं नाही. पोरं काय, कुठेही बोलून जातात.

तेव्हा कोणाचा दमा उसळला की इंजेक्शन, ऑक्सिजन आणि चार दिवस भरती. पुढे नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी बुकं चाळून दम्याची मुलं शोधली. दर गुरुवारी त्यांना बोलावून पंप कसा ओढायचा ते त्या शिकवायच्या. ती मुलं भरती व्हायची जवळजवळ थांबली. मला दिसत होतं सगळं! पण गुरुवारी त्या मुलांच्या रांगेत बसायचं म्हणजे आपणच दवंडी पिटायची. मी गप्प बसले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

मुलगी नऊ वर्षांची होती. त्या दिवशी मी शाळेत शिकवायला गेले होते, ती घरी होती. दुपारी तिचा श्वास कोंडला. शेजारच्या वहिनींनी बुक उचललं, तिला रिक्षात घातलं आणि मला निरोप धाडला. मी पोहोचले तर पोरगी रांगेत बाकावर बसलेली. खांदे वरखाली होत होते, ओठ काळेनिळे. खिडकीवरच्या माणसानं बुक बघून सांगितलं होतं, "खांसी है ना? नंबर से आइए." वहिनी बिचाऱ्या काय बोलणार? त्यांनाही तेच ठाऊक.

"दमा है इसको!" मी किंचाळले. "तीन साल से दमा है!" सगळी रांग वळून बघायला लागली. बघू दे, मेलं!

डॉक्टरीणबाई धावत आल्या, मुलीला आत नेऊन वाफेचा मास्क लावला. तासाभरानं तिचा श्वास सुरळीत झाला. तिनं मास्क बाजूला केला.

"आई, मला दमा आहे?"

मी मान डोलावली.

"मला वाटायचं, मलाच नीट श्वास घेता येत नाही. तू रागावशील म्हणून मी सांगायचे नाही."