आईची वही मी भरली

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि आजवर जे लिहिलं ते परीक्षेपुरतं. त्यात ही गोष्ट आईच्या आजारपणाची. सांगायचा हक्क तिचा. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "लिही, पण नाव घालू नको." माझ्या वाटणीची चूक मीच सांगायला हवी, म्हणून लिहितो आहे.

आम्ही लालबागला चाळीत राहतो. आई परळच्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या करते. गेल्या वर्षी तिनं बोलणं जवळजवळ सोडलं. कामावरून आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. बाबा म्हणायचे, थकवा असेल. शेवटी कॉलेजातल्या एका सरांनी सुचवलं म्हणून मी तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. शेजारी सांगितलं, गुडघे दाखवायला चाललोय.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पलीकडच्या खोलीतल्या समुपदेशक मॅडमशी बोलत राहायला सांगितलं. एक वहीही दिली. "एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला पडेलच असं नाही," ते म्हणाले. "आईंना कोणती गोळी, किती, ते मी या वहीवरून ठरवणार. रोज त्यांना विचारून भरायची." वहीत रकाने होते. झोप किती, जेवण, फिरणं, हात थरथरतात का. आणि अगदी शेवटी, जगणं नकोसं वाटलं का.

आईनं वही माझ्याकडे सरकवली आणि तिच्या मालवणीत म्हणाली, "तू शिकलेलो मा, तूच लिही."

श्रावण नुकताच लागला होता. पहिले चार दिवस मी विचारलं. झोप, जेवण सोपं होतं. शेवटचा प्रश्न मात्र तोंडातून निघेना. आमच्याकडे दार दिवसभर उघडं, नुसता पडदा. बाहेर गॅलरीत कोणी ना कोणी बसलेलं. एकदा धीर करून दार लोटलं, तर शेजारच्या काकूंनी लगेच हाक मारली, "काय रे, दार लावून काय खाताय मायलेक?" आई हसली आणि उठून दार उघडून आली. मी न विचारताच 'नाही' लिहिलं.

एक रकाना न विचारता भरला की बाकीचे भरायला वेळ लागत नाही. प्रॅक्टिकलची जर्नल आम्ही कॉलेजात अशीच भरतो. उत्तर काय यायला हवं ते ठाऊक असतं, त्यावरून मागे जात रीडिंग लिहायची. आईची वहीही मी तशीच, डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी एका बैठकीत भरू लागलो. झोप सहा तास, साडेसहा, सहा. खरं वाटावं म्हणून मधे एखाद्या दिवशी पाच. शाईसुद्धा कधी निळी, कधी काळी.

हात थरथरतात का: नाही. खरं तर तिच्या हातून चहा सांडताना मी पाहिला होता. पण वही पाहून डॉक्टर म्हणायचे, "छान ठेवलीय हं," आणि ते ऐकायला मला आवडायचं. हे लिहितानाही मान खाली जाते आहे.

"त्रास काही दिसत नाही, थोडी वाढवून बघू," असं म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. आठवड्याभरात आईच्या हातात लाटणं ठरेना. एका दुपारी तव्याला लागून मनगट भाजलं. केंद्राच्या मालकीणबाई म्हणाल्या, काही दिवस घरीच बसा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी पट्टी पाहिली. "घाईत लागलं," आई म्हणाली. मग त्यांनी वही पाहिली. "रोज अर्धा तास फिरता? छान."

ती एकदाही गेली नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"जाते की. मुलगा असतो सोबत."

मी बोलायला हवं होतं. मी खुर्चीचं फाटलेलं रेक्झिन नखानं उकरत बसलो.

त्यानंतरच्या भेटीत डॉक्टरांनी वही नुसती चाळली आणि गोळी बदलली. हळूहळू आईचे हात स्थिर झाले, ती पुन्हा कामावर जाऊ लागली. वहीत सगळं बरं असताना गोळी का बदलली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. सुटलो, एवढंच वाटलं.

माझी परीक्षा संपल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं. आई आधीच बसलेली होती. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "मॅडम, वही खोटी आहे."

"माहीत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "बस."

मग त्यांनी सांगितलं. मनगट भाजल्यावर आईनं डॉक्टरांसमोर माझी बाजू सावरली, त्यानंतरच्या मंगळवारी ती एकटीच त्यांच्याकडे आली होती. तेव्हापासून दर मंगळवारी येत होती. हात, झोप, न झालेलं फिरणं, सगळं तिनं स्वतः सांगितलं. डॉक्टरांनी औषध बदललं ते त्यावरून. परीक्षा होईपर्यंत मला कळू द्यायचं नाही, ही अटही तिचीच.

मॅडमनी आईकडे पाहिलं. "पुढचं तुम्हीच सांगणार होतात ना?"

आई माझ्याकडे वळली.

"गणपतीच्या आधी दोनदा जीव नकोसो झाल्लो रे," ती म्हणाली. "आता तसा वाटणा नाय."