चीनच्या टीव्हीवरची कुस्ती

तालमीच्या मातीत ताक-हळद मिसळल्याचा वास आला, की मला चीनमधलं हॉटेल आठवतं. पोरगा पैंजण बनवायचं मशीन बघायला तिकडं निघाला, तवा आम्हा दोघांनाबी घेऊन गेलता. रात्री बायकोला झोप येईना, म्हणून टीव्ही लावला. बघतोय तर कुस्ती! जाकिटं घातलेले दांडगे पैलवान. बायको ताडकन उठून बसली. "अवो, ढाक लावली की त्यानं!" मी गारच पडलो. आमच्याकडं बायका कुस्तीच्या मैदानात येत न्हाईत. म्हटलं, "तुला गं काय ठावं ढाक डाव?" "मैदानावरनं आलासा की जेवताना सगळ्या कुस्त्या कोण सांगतंय? वाढणारीला कान हायत की." आता ती न्हाय. मी मैदान बघून येतो, हातानं वाढून घेतो आन् गप जेवतो.