शेकड्यातली चार संत्री

मित्रांनो, आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी सौंसरला एका संत्रा व्यापाऱ्याकडे माझं बिलाचं सॉफ्टवेअर अपडेट करत होतो. डोकं अजून तापलेलंच आहे.

हे सॉफ्टवेअर ज्या पॅकेज मॅनेजरमधून, म्हणजे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या प्रोग्रॅममधून, बसतं, त्याने सेटिंगच्या फाइलचा साचाच बदलला. तीन दिवस पांढुर्ण्यात बसून मी एकेक ओळ नव्या साच्यात उतरवली. तरी पहिलंच बिल चुकलं. त्या व्यापारी शेठने आपल्या कम्प्युटरवर एक ओळ हाताने घातली होती: शेतकऱ्याकडून घेताना शेकडा म्हणजे १०४ संत्री, पैसे शंभराचे. नव्या साच्याने ती ओळ न सांगताच टाकून दिली.

"वरची चार कुठं गेली बे?" शेठ ओरडले.

बिल घेऊन उभे असलेले शेतकरी काका म्हणाले, "राहू द्या ना शेठ. आज पहिल्यांदा कम्प्युटर बरोबर मोजून राहिला."

"तुम्ही चूप बसा हो! आणि तू, सहापर्यंत दुरुस्त कर, नाही तर तुझं सॉफ्टवेअर काढून टाकतो."

ओळ परत घालणं सोपं आहे. पण नव्या साच्यात प्रत्येक सेटिंग कशासाठी आहे, हे लिहावंच लागतं. रिकामं सोडलं तर पॅकेज तयारच होत नाही, म्हणजे सॉफ्टवेअर बसतच नाही.

शेठ म्हणाले, "लिही काहीपण."

वरची चार कशासाठी, हे काकांना विचारलं, तर म्हणाले, "मले काय विचारतं? चाळीस वर्षं देऊन राहिलो, कोणी सांगितलंच नाही."

आता साडेपाच झाले. ती जागा अजून रिकामी आहे. तुम्ही काय लिहिलं असतं?