चौथ्या टेकपासून डावा हात

माझ्या वर्गमित्राने मला फसवलं. आईचं सगळं फुटेज देतो म्हणाला, दिलं नाही, पुसून टाकलं. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कारण शोधत बसायला नको.

आम्ही दोघं वाघोलीच्या एका कॉलेजात फिल्म शिकत होतो. तो दिग्दर्शक, कॅमेराही त्याच्याच हातात. मी कंटिन्यूटी बघायचे. फी मी स्वतः भरत होते, लग्नांचे अल्बम जुळवून देऊन. त्यामुळे फुकट काही द्यायची सवय मला तेव्हाही नव्हती. दुसऱ्या वर्षाच्या फिल्मसाठी त्याला एक साधं घर आणि एक वयस्क बाई हवी होती. घर आमचं होतं, येरवड्यात, दोन खोल्यांचं. बाई माझी आई.

मी म्हटलं, "घर देते, आई देते, दिवसभर चहा-पोहे देते. बदल्यात आईचे सगळे टेक माझ्या डिस्कवर. चांगले, बाद, सगळे. कॅमेऱ्याचं कार्ड त्यानंतरच रिकामं करायचं."

"बाद टेकांचं काय लोणचं घालणार आहेस?"

"घालीन नाहीतर उन्हात वाळवीन. कबूल आहे का?"

"कबूल, बाई, कबूल. वकिली सोडून इकडे कशाला आलीस?"

खरं तर ते टेक मला कशाला हवे होते, हे मलाही ठाऊक नव्हतं. कॉलेजकडे कार्डं दोनच. संध्याकाळी कंटिन्यूटीच्या वहीत ज्यांच्यापुढे 'ओके' असेल तेवढेच टेक उतरवून घ्यायचे आणि कार्ड पुसायचं, ही सगळ्यांची रीत. जे फेकलं जातं ते आपण मागून घ्यावं, इतकाच माझा हिशेबीपणा.

कंटिन्यूटी म्हणजे खंड न दिसू देणं. एकच प्रसंग आधी लांबून घेतात, मग जवळून. दोन्ही जोडल्यावर ग्लासातला चहा तितकाच दिसला पाहिजे, पदर तिथेच, बांगड्या तेवढ्याच, हात तोच. मी प्रत्येक टेकची वेळ लिहायचे, मोबाइलवर फोटो काढायचे. चुकलेल्या टेकपुढे 'एनजी' लिहायचं. कामाचा नाही.

आईला करायचं होतं एवढंच: चहाचा ग्लास उचलायचा, खिडकीबाहेर बघायचं, घोट घ्यायचा, ग्लास ठेवायचा. लांबच्या शॉटमध्ये तिने तो उजव्या हाताने उचलला. छान झालं. जवळच्या शॉटचे पहिले तीन टेक आमच्याच कर्माने गेले. एकदा फोकस हलला, एकदा बाहेर भंगारवाला ओरडला, एकदा मीच चहा जास्त ओतला होता. चौथ्या टेकला आईने ग्लास डाव्या हाताने उचलला.

"आई, उजवा."

"हो वं, उजवा."

पाचव्याला पुन्हा डावा. सहाव्याला उजवा हात ग्लासापर्यंत गेला, थांबला आणि मांडीवर परत आला.

आई वऱ्हाडातली. पुण्यात इतकी वर्षं काढली तरी तिची बोली तशीच होती. ती सगळ्यांकडे बघून म्हणाली, "हात कोणताबी असो, चहा तं पेला नं मी." पोरं हसली. मला ते हसणं झोंबलं.

"एवढं साधं लक्षात राहत नाही तुला? दहा माणसं खोळंबलीत!"

"उजवा जड लागते बाप्पा आज."

"नाटकं करू नकोस, आई."

कॅमेरा चालूच होता. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. दर टेकला ग्लासाकडे बघत पुटपुटायची. मी हाताकडे बघत होते. डावा. एनजी. डावा. एनजी. तेराव्या टेकला तिने उजवं कोपर टेबलावर टेकवलं, ग्लास कसाबसा ओठापर्यंत नेला. मी 'ओके' लिहिलं.

फिल्म कॉलेजात दाखवली तेव्हा सरांनी तो प्रसंग दोनदा लावला. म्हणाले, "कंटिन्यूटी अशी हवी." आई पडद्यावर मिनिटभर होती. तिचा आवाज नव्हता, वर संगीत टाकलं होतं. मी फुशारले होते.

पुढच्याच महिन्यात आईच्या हातून भरलेलं पातेलं सुटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "उजव्या हाताचा त्रास कधीपासून?"

"झाले असतीन चार-आठ रोज, डाक्टरसाहेब," आई म्हणाली.

माझ्या पिशवीत वही होती. मी पान काढून पुढे ठेवलं. तारीख, वेळ, टेक चार, डावा हात. डॉक्टरांनी पान नीट वाचलं.

"इतकी बारीक नोंद घरचे ठेवत नाहीत," ते म्हणाले. "मग तेव्हाच का नाही आणलं?"

मेंदूत गाठ होती. आधी हात गेला, मग बोलणं. शेवटचे दोन महिने ती नुसती बघायची. मी तिला उजव्या बाजूने चमच्याने भरवायचे आणि ती मान डावीकडे वळवायची. दिवाळीच्या आधी गेली.

दिवस झाल्यावर मी डिस्क लावली. आत दोनच क्लिप. एक लांबची, एक जवळची, दोन्हींत आईच्या तोंडून शब्द नाही. डिस्क परत देताना तो म्हणाला होता, "सगळं टाकलंय." आयुष्यात तेवढा एकच माल मी न तपासता घेतला.

कँटीनमध्ये त्याला गाठलं.

"वहीत एनजी तूच लिहिलं होतंस," तो म्हणाला. "मी वहीप्रमाणे केलं."

"आपलं काय ठरलं होतं?"

"अगं, दुसऱ्या दिवशी शूट होतं. कार्ड हवं होतं. असं होईल हे मला काय माहीत?"

"ठरलं होतं की नव्हतं?"

"सॉरी म्हणतोय ना मी!"

मी ग्लास असा आपटला की कँटीनवाल्याने न मागता बिल आणून ठेवलं. आम्ही पुन्हा बोललो नाही.

आता माझं कॅमेरे भाड्याने द्यायचं दुकान आहे. पोरं भाव पाडायला येतात, मी पाडू देत नाही. कार्ड परत आलं की त्यावर काही राहिलंय का, हे त्यांना तीनदा विचारते. वैतागतात. वैतागू देत.

एनजी मी लिहिलं, हे खरं. ते 'नाटकं' म्हणणंही माझं. ते मी कोणावर ढकलत नाही. पण माझ्या वर्गमित्रा, तिच्या पदराला माईक तू लावला होतास आणि हेडफोन तुझ्या कानाला होता. खोलीत आम्ही इतके जण होतो, तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं ते फक्त तुला. तिचा आवाज तू पुसलास, पण ऐकला होतास. सातव्यापासून बाराव्या टेकपर्यंत माझी आई ग्लासाकडे बघून काय म्हणत होती? पूर्ण आठवत नसेल तर एखादा शब्द. तुझं सॉरी मला नको. तेवढं सांग.