दादाच्या कपाटावरचं शून्य

"तुमच्या मिसेस काय करतात?" असं कुणी विचारलं की मी टेप गळ्यात अडकवतो आणि सांगतो, "भिंती बांधतात आणि उडवतात." गिऱ्हाईक हसतं. मी हसत नाही, हे लक्षात आलं की तेही थांबतं.

ही थट्टा नाही. बायको इंजिनीअर आहे. शहराबाहेरच्या ओसाड माळावर त्यांची प्रयोगशाळा आहे. तिथे सळ्या घालून काँक्रीटच्या भिंती नि खांब ओततात, पाणी मारमारून पोटच्या पोरासारखे वाढवतात आणि मग समोर स्फोटकं लावून उडवतात. उरलेलं मोजतात. दणका बसल्यावर कुठली इमारत उभी राहील, कुठली अंगावर येईल, कशावर किती भरवसा ठेवायचा, हे सांगायचं तिचं काम. मी शिंपी. या घरात एक जोडतो आणि एक तोडते, असं माझा मोठा भाऊ म्हणतो. दादा सुतार आहे. त्याच्या मते जगात लाकूड तेवढं खरं, बाकी सगळा चिखल.

त्या माळावर एक रीत आहे. स्फोटाआधी साहेबापासून ड्रायव्हरपर्यंत प्रत्येकाने खडूने आपला अंदाज काढायचा, म्हणजे तडा कुठे जाणार, काँक्रीट कुठून सुटणार. ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. विकतचा चालत नाही, स्वतःच्या हाताने करून.

नोकरीला लागली तेव्हा पहिला चहा हिनेच केला. हिने खांबाच्या पुढच्या अंगावर ऐटीत रेघा मारल्या होत्या, जिथे मार बसणार तिथे. धूर विरल्यावर पाहते तर पुढचं अंग नुसतं काळवंडलेलं आणि मागचं सोलून निघालेलं. संध्याकाळी तोंड पाडून घरी आली. मी म्हटलं, "त्यात काय एवढं? जाडा माणूस पुढे वाकला की विजार कुठे उसवते? मागे." ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की तसं तिने लग्नातही बघितलं नव्हतं. काँक्रीट दाबलं तर हत्ती पेलेल, ताणलं की रडतं. आणि खांब वाकला की ताण मागच्या अंगाला बसतो. आजही नव्या पोरांना ती विजारीचंच उदाहरण देते. माझं नाव मात्र सांगत नाही.

दादा-वहिनी जिथे राहायचे त्या इमारतीत तळमजल्यावर एक बेकरी होती. एका सकाळी तिथे गॅस साठला आणि स्फोट झाला. बेकरीवाल्याचे हात भाजले, काचा गल्लीभर उडाल्या, पण नशीब बलवत्तर, जीव कुणाचा गेला नाही. चारही मजले रिकामे केले. बेकरीला लागूनच दादाचं घर, म्हणून दोघं आमच्या दोन खोल्यांत आले. दादाला माझ्या मशीनचा आवाज सहन होईना आणि मला त्याचं तोंड.

सरकारी खात्याचा माणूस आला, बेकरीतून टॉर्च मारून खांब बघून गेला. "वरवरचं आहे. लिंपून घ्या आणि राहायला या," म्हणाला. मंडळींना तेच ऐकायचं होतं. बोचकी बांधून तयार. फक्त प्रयोगशाळेची सही बाकी होती, आणि पाहणीला हीच जाणार होती. आपले दीर तिथे राहतात हे हिने साहेबांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, "मग सह्या दोन घेऊ, तुझी आणि माझी. पण बघायला तूच जा."

मीही सोबत गेलो. बेकरी आणि दादाचं घर यांच्या मधल्या भिंतीतल्या खांबाला ती बेकरीच्या बाजूने हात लावून बराच वेळ उभी राहिली. वरचे तीन मजले त्याच्या जिवावर होते. मग दादाच्या घरात आली. खांबाची मागची बाजू तिथे होती, पण दिसत नव्हती. तिच्यासमोर जमिनीपासून छतापर्यंत दादाचं कपाट. त्याने स्वतःच्या लग्नासाठी स्वतःच्या हाताने केलेलं, एकही खिळा न वापरता.

"दादा, हे काढावं लागेल."

"कपाटाला ओरखडा नाही आणि मागे काय होणार? हात लावू देणार नाही मी."

दारात सगळी इमारत गोळा झाली होती, तो खात्याचा माणूसही होता. कुणीतरी पुटपुटलं, "घरचीच बाई घरच्यांना बाहेर ठेवते." हिच्या कानाची पाळी लाल झाली. मला वाटलं, आता भांडणार. हिने पर्समधून खडू काढला आणि कपाटाच्या दारावर, कमरेच्या वर, परातीएवढा गोल काढला. "माझ्या अंदाजाने यामागे एवढं काँक्रीट सुटलंय. आता तुम्ही काढा." खडू दादापुढे धरला.

दादाला ती रीत माहीत होती. जेवताना कितीदा तिची टिंगल केली होती त्याने. त्याने खडू घेतला आणि शेजारी एक भलंमोठं शून्य काढलं. मग पटाशी घेऊन स्वतःच कपाट मोकळं करायला बसला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

कपाट पुढे ओढलं तसा मागे अडकलेला चुरा खळखळत खाली आला. खांबाची पाठ उघडी पडली होती. सळ्या बाहेर, त्यातल्या दोन फुगून वाकलेल्या. हिच्या गोलाच्याही खाली वीतभर पडझड गेली होती.

"चुकलेच मी," ती म्हणाली. "मला वाटलं त्याहून वाईट आहे. चहा माझ्याकडे. आधी सगळे बाहेर व्हा." त्या आवाजापुढे खात्याचा माणूसही निमूट बाहेर पडला. मी माणसांची मापं घेण्यात जन्म घालवला, पण माझ्या बायकोचं माप मला त्या दिवशी कळलं. छाती अशी फुगली की माझाच शर्ट मला घट्ट झाला.

दुपारपर्यंत लोखंडी टेकू लागले. पुढे काही जण म्हणू लागले, पाडूनच टाका, कटकट नको. त्यांनाही ती नडली. "उभी राहणारी इमारत पाडायची नाही," म्हणाली. खांबाभोवती नव्या सळ्या बांधून नवं काँक्रीट चढलं, बाकीचे खांब तपासले, तेव्हाच हिने सही केली. तोवर दादा-वहिनी आमच्याकडेच होते. कसे दिवस काढले, ते विचारू नका.

परत गेल्यावर दादाने आम्हाला बोलावलं. कपाट आता समोरच्या भिंतीला होतं, खांब मोकळा. दारावर तो खडूचा गोल आणि ते शून्य तसंच, वरून पॉलिश मारून पक्कं केलेलं. वहिनी बसूनच होत्या आणि हसू दाबत होत्या. स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचा आवाज येत होता. जन्मात ज्याने गॅस पेटवला नव्हता तो माझा भाऊ ट्रे घेऊन बाहेर आला.

"दादा, चहा माझ्याकडे होता," ही उठत म्हणाली.

"बस. तू वीतभर चुकलीस, मी अख्खा चुकलो. रीत म्हणजे रीत." त्याने कप हिच्या हातात दिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "स्फोटानंतर कपाटाचं दार घासत होतं. मागून काहीतरी रेटतंय, हे सुताराला कळत नाही होय? मला घरी यायचं होतं, म्हणून बोललो नाही. तू नसतीस तर तुझ्या जावेला त्या खांबाखाली झोपवलं असतं मी."

हिने चहाचा घोट घेतला. साखर घालायला तो विसरला होता. तिने कप शेवटपर्यंत रिकामा केला आणि अजून थोडा मागितला.