तात्याचा न लिहिलेला पॉइंट

साताऱ्याला मुलाकडे गेलो होतो. गावी परतताना घरचं सामान घेऊन जावं म्हणून सैनिकांच्या कॅन्टीनच्या रांगेत उभा राहिलो, तेवढ्यात फोन वाजला. तात्याच्या थोरल्याचा, दीपकचा. "अण्णा, आबा गेलं वो... च्या पिऊन बसलं व्हतं, बसल्या जागीच कलंडलं." मी "बरं, निघतो" एवढंच बोललो आणि तसाच रांगेत उभा राहिलो. नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या पोराने दोनदा विचारलं, काय पायजे म्हणून. मला काही आठवेना. साताऱ्याहून आमच्या गावाकडे, कुंडलकडे जाणाऱ्या एसटीत बसलो, तेव्हा एकच गोष्ट डोक्यात होती. अकरा महिने झाले, मी तात्याशी एक शब्द बोललो नव्हतो. आणि त्याला कारण मीच होतो.

सुभेदार तातोबा आणि मी एका गावचे, एकाच वर्षी भरती झालेले, एकाच पलटणीतले. तो बंदूकवाला, मी लेखणीवाला. पलटणीच्या दफ्तरात मी क्लार्क होतो, म्हणून जन्मभर तो मला 'क्लार्कसाब' म्हणत आला. यात मान किती आणि टिंगल किती हे मी कधी विचारलं नाही. फौजेत दरबार नावाची एक पद्धत असते. महिन्यातून एकदा कमांडिंग ऑफिसर सगळ्या जवानांना समोर बसवतो, चार गोष्टी सांगतो आणि शेवटी विचारतो, "कोई पॉइंट?" ज्याला काही सांगायचं असेल त्याने उठून सावधान उभं राहायचं आणि बोलायचं. क्लार्क ते रजिस्टरात लिहून घेतो. कोणी उठलं नाही तर क्लार्क लिहितो, 'पॉइंट : निल'. बहुतेक दरबार निलच जात, कारण उठायला छाती लागते. तात्या उठायचा. एकदा उठला आणि म्हणाला, "साहब, दफ्तरवाले हर साल दिवाली घर पे मनाते हैं, कंपनीवाले नहीं. छुट्टी की लिस्ट पर दस्तखत आपका है." साहेबांचा चेहरा लाल. माझा त्याहून लाल, कारण ती यादी माझ्याच हातची होती. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "लिख लो." मी माझ्याच विरुद्धचा पॉइंट सुवाच्य अक्षरात लिहिला. त्या साली तात्या दिवाळीला गावी गेला आणि मी बर्फात बसलो. परत आला तो माझ्या आईकडून चकल्यांचा डबा घेऊनच. मी तोंड फिरवलं तर म्हणाला, "तुझ्यावर न्हाई रं गड्या राग. सलाम आदी, पॉइंट नंतर. पर पॉइंट बोलायचाच. न्हाईतर साहेबाला कळायचं कसं?"

निवृत्त होऊन आल्यावर आम्ही गावातल्या माजी सैनिकांची बैठक सुरू केली. दर महिन्याचा पहिला रविवार, सकाळी नऊ वाजता, समाजमंदिरात. कल्पना तात्याची, अध्यक्ष मी आणि रजिस्टरही माझ्याचकडे. शेवटी "कोई पॉइंट?" विचारायचं हेही त्यानेच ठरवलेलं. पहिल्या काही वर्षांत तो उठून तेव्हाच्या पंतप्रधानांचं काय चुकतंय ते सांगायचा. पेन्शनीचं, सरहद्दीचं, महागाईचं. आम्ही टाळ्या पिटायचो. सर्वांत जोरात मी, आणि मग शब्दन् शब्द लिहूनही काढायचो. पुढे सरकार बदललं. मला मनापासून आवडणारा माणूस देशाच्या गादीवर बसला. तात्या मात्र होता तसाच राहिला. नव्या पंतप्रधानांनाही तो त्याच आवाजात, तेवढंच सावधान उभा राहून बोलायला लागला... आणि आता ते मला टोचायला लागलं. तेव्हा मी स्वतःला सांगत होतो की तात्या बदललाय. आज कळतं, बदललो मी होतो.

पारावर आमची जुंपायची. मी म्हणायचो, "देशाचा नेता म्हंजे घरचा कर्ता माणूस. त्याचं चुकलं तरी चारचौघांत काढू न्हाई. शेजारी टपलेलाच असतोय." तो म्हणायचा, "कर्ता चुकला तर घरातल्यांनीच सांगायचं की. का शेजाऱ्यानं येऊन सांगायची वाट बघायची?" मी म्हणायचो, "आपण सरकारचं मीठ खाल्लंय, तात्या." यावर तो हसायचा. "आरं, पगार काय पंतप्रधानानं घरनं आणून दिला व्हय तुला? मीठ देशाचं. आणि देश म्हंजे ही समदी माणसं." उत्तर न सुचणाऱ्या माणसाला राग लवकर येतो. मलाही यायचा.

गेल्या वर्षी एका रविवारी तालुक्याचे एक पुढारी बैठकीला येणार होते. माजी सैनिकांसाठी हॉल मंजूर करून देतो, असा त्यांचा शब्द होता. मी आदल्या दिवशीच तात्याच्या घरी जाऊन आलो होतो. "उद्या जरा दमानं घे," म्हटलं. भाषण झालं, हार झाले, आणि मी "कोई पॉइंट?" न विचारताच आभार मानायला उठलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तात्या मागच्या सतरंजीवरून उठला, टाचा जुळवल्या, सॅल्यूट ठोकला. "पंतप्रधानसाहेबांस्नी आमचा सलाम. आमच्या रस्त्यावर पहाटंची पोरं पळत्यात भरतीसाठी. नवी भरती चारच वर्सांची. चार वर्सांनी परत येतील तवा त्यांनी करायचं काय, ह्ये साहेबांनी ठरवलं असंल तर सांगावं, आणि ठरवलं नसंल तर चुकलंय त्यांचं. एवढाच पॉइंट." पुढाऱ्यांनी घड्याळ बघितलं. आमच्यातलाच एकजण ओरडला, "बस खाली, देशद्रोही!" ज्या माणसाने चोवीस वर्षं वर्दी अंगावर वागवली त्याला हा शब्द. त्या समाजमंदिरात तात्याचं अख्खं आयुष्य ठाऊक असणारा मी एकटा होतो आणि माईकही माझ्याच हातात होता. मी म्हणालो, "चला, चहा घेऊ."

पुढारी निघून गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. रजिस्टर पुढाऱ्यांच्या माणसाला दाखवायचं होतं. पेन घेतलं आणि लिहिलं, 'पॉइंट : निल'. सह्या घेताना तात्याची पाळी आली. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं. मग पेनाला टोपण लावून माझ्यापुढे ठेवलं. "क्लार्कसाब, तुझी दिवाळी गेली तवाबी तू खरं लिवलं व्हतंस." सही न करता गेला. घरी येऊन मी, ज्या मोबाइल ग्रुपवर बैठकीचं बोलावणं जायचं, त्यातून त्याचं नाव काढून टाकलं. रागात काढलं. राग चार दिवसांत गेला. नाव परत घालायला मात्र अकरा महिने पुरले नाहीत. आज घालू, उद्या घालू, आधी तो बोलू दे... आमच्याकडे माणूस वाकण्यापेक्षा मोडणं पसंत करतो आणि त्यालाच ताठ कणा म्हणतो.

हॉल मंजूर झाला. पायाही भरून झालाय.

अंत्यसंस्काराला गर्दीत मागेच उभा राहिलो होतो; दहाव्याला घाटावर गेलो, मग तात्याच्या घरी. वहिनी सोप्यात बसल्या होत्या. मी शब्द जुळवत होतो, तोवर त्याच म्हणाल्या, "भावजी, तुमचं बोलावणं ईल म्हणून वाट बघायचं वो ते. पयल्या रविवारी आंघूळ करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी घालून हितं बसायचं. अकरा वाजूस्तवर. मग उठून शर्ट काढून खुटीला लावायचं. म्या म्हणायची, आवं, जावा की तुमीच हून. तर म्हणायचं, बोलावल्याबिगर दरबारात जात न्हाईत. पर त्यानं बोलावलं तर तयार नगं व्हय मी?" मला रडू आलं, सगळ्यांसमोर आलं. वहिनींनीच पाण्याचा तांब्या पुढे केला.

परवाच्या रविवारी बैठक झाली. समाजमंदिरात बावीस माणसं होती. मी तात्याला श्रद्धांजली वाहिली, मग माझ्या हातून काय झालं ते उभं राहून सगळ्यांना सांगितलं. अकरा महिन्यांपूर्वीचं पान उघडलं, त्यावर त्याचा पॉइंट होता तसा लिहिला आणि मोठ्याने वाचला. मग अकरा महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, "कोई पॉइंट?" समोर शंकर बसला होता. त्याचा नातू रोज पहाटे त्याच रस्त्यावर पळतो. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी थांबलो. पुन्हा विचारलं. कोणी उठलं नाही. उठलं की काय होतं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. रजिस्टर पुढे ओढून मी लिहिलं, 'पॉइंट : निल'. या वेळी खोटं लिहावं लागलं नाही.